विखारसेनाचं चौथं मरण

“माझो आवाज बरो इलो मां रे?” तात्या मेस्त्रींनी विचारलं.

दिगूकाका लॅपटॉपच्या वायरींचा गुंता सोडवत होता. वर न बघताच तो म्हणाला, “येकदम बरो, तात्यानू. बसा तुम्ही.”

तात्या बसले नाहीत. देवळासमोरच्या मांडवात पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची राखून ठेवली होती. तिच्यामागे त्यांचं अख्खं घर बसलं होतं: मुलगा, सून, म्हापशाची लेक, जावई, शिवाय लेकीची सासू. सासूबाईंनी तात्यांना कधी रंगमंचावर पाहिलं नव्हतं. तात्यांच्या अंगात पांढरा सदरा होता, इतका नवा की दुकानातल्या घडीच्या रेषा अजून मोडल्या नव्हत्या. ऑपरेशन झाल्यापासून गळ्याला गुंडाळलेला मफलर त्यांनी आज काढून ठेवला होता.

“नाय, म्हटला विचारूया,” ते म्हणाले. त्यांचा आवाज वाळूवर होडी ओढल्यासारखा येत होता. “व्याहीणबाई खास इलेत.”

काकाने आता वर पाहिलं. आधी सदऱ्याकडे, मग मागच्या रांगेकडे. मग पुन्हा वायरी सोडवायला लागला.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा रत्नागिरीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात होते, आणि दिगूकाका, म्हणजे माझे धाकटे चुलते दिगंबर धुरी, लग्नांची व्हिडिओ शूटिंग करून उरलेल्या वेळात चित्रपट बनवत असत. काकाला मी अरेतुरेच करत आले, म्हणून पुढेही तसंच लिहिते. त्याच्या चित्रपटांचा नायक कप्तान वादळे, म्हणजे स्वतः काका. पहिल्या भागात कप्तानाने खाडीच्या तोंडाशी बुडालेलं गलबत शोधलं. दुसऱ्यात तो परत आला. तिसऱ्यात पाताळगुहेत शिरला. ती गुहा म्हणजे आमच्या मागच्या परड्यातला दगडांचा खड्डा, वर ताडपत्री घालून. प्रत्येक भागात त्याचा शत्रू एकच, विखारसेन. विखारसेन म्हणजे तात्या. प्रत्येक भागाच्या शेवटी ते मरत आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला कसे वाचले ते कोणी विचारत नसे.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ या चित्रपटाची असे. पहिल्या दोन भागांना माणसं कुंपणाच्या दगडी गडग्यावरही बसून बघत होती. तिसऱ्याच्या वेळी मात्र मी पडद्याऐवजी माणसांकडे बघत होते, कारण मला कुतूहल होतं की कंटाळा नेमका कुठे सुरू होतो. कप्तान नकाशा उघडायचा तिथे तो सुरू व्हायचा. कप्तानाने नकाशा उघडला की एक रांग जेवायला जायची. शेवटची मारामारी सुरू झाली तेव्हा मांडवात आमचं घर, तात्यांचं घर आणि दोन कुत्रे उरले होते.

मी हे काकाला सांगितलं होतं. तो म्हणाला, “मगे चवथ्यात नकाशे कमी करूया.” त्याने दोन कमी केले. सहा राहिले.

जत्रेच्या मंडळाचा सचिव संकेत गावडे त्या संध्याकाळी आमच्या टेबलाशी आला तो हात मागे बांधूनच.

“काका, स्पष्ट बोलतंय, राग मानू नकात,” तो म्हणाला. “औंदा माणसा उठली तर फुडल्या वर्साक ह्या टायमाक ऑर्केस्ट्रा. मीटिंगीत ठरला तसा.”

“उठूची नायत,” काका म्हणाला.

“तिसऱ्याक पण तुम्ही असाच म्हटलेलास.”

“तिसऱ्याक पाऊस इलो.”

“जानेवारीत?”

सुरेखाकाकी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला लाडवांचा डबा घेऊन बसली होती. काकाच्या चित्रपटात तिने कधीही काम केलं नव्हतं. एकदा विचारलं तर म्हणाली होती, “घरात करतंय तां काम कमी आसा?” आता ती संकेतला म्हणाली, “तू लाडू खा रे. तुझो ऑर्केस्ट्रा येयत तेव्हा येयत.”

चौथ्या भागाचं नाव होतं ‘कप्तान वादळे आणि शेवटची लाट’. समुद्रावरच्या वाऱ्याने चित्रीकरणातले आवाज ऐकू येत नव्हते, म्हणून काकाने या वेळी कुडाळच्या एका स्टुडिओत सगळे संवाद नव्याने भरून घेतले होते. तात्यांना मात्र बोलावलं नव्हतं. “गळ्याक ताण नको,” तो त्यांना म्हणाला होता, “तुमचो शूटिंगचोच आवाज साफ करून घेतलंय.” माझ्याकडे मांडवाची ध्वनियंत्रणा होती: दोन मोठे स्पीकर, एक मिक्सर आणि भजनाचे दोन माइक.

दिवे गेले. पडद्यावर समुद्र आला. कप्तान वादळे होडीत उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, पोट आत ओढून. त्याने तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

कप्तान बोलत राहिला. लाटा फुटत राहिल्या. मांडवात एवढी शांतता होती की मागे भजीच्या कढईतलं तेल ऐकू येत होतं.

“आवाज!” मागून कोणीतरी ओरडलं. मग सगळेच. “आवाज! आवाज!”

दोष शोधायची एक पद्धत असते. शेवटच्या टोकाकडून सुरुवात करायची आणि एकेक टप्पा मागे यायचं. मी भजनाचा माइक चालू करून त्यावर टिचकी मारली; दोन्ही स्पीकर गरजले. म्हणजे स्पीकर बरे, मिक्सर बरा. लॅपटॉपकडून येणारी वायर काढून माझ्या फोनला लावली. फोनमधलं गाणं वाजलं. वायरही बरी. उरला लॅपटॉप.

“काका, मला बघू दे.”

“हात लावू नको.” काकाने लॅपटॉपवर दोन्ही तळवे ठेवले होते, सांडू नये म्हणून परात धरतात तसे. “आवाजाची फाइल कुडाळाक ऱ्हवली. मी बिनआवाजाचीच घेवन इलंय.”

“मग थांबवूया. दिवे लावूया.”

“थांबवलंय तर माणसा उठतली.”

ती उठायला लागलीच होती. मागच्या रांगेतल्या खुर्च्या सरकल्या. संकेत टेबलाकडे येत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर ऑर्केस्ट्रा स्पष्ट दिसत होता. काकाने माझ्या हातातला माइक ओढून घेतला.

“मी,” तो माइकमध्ये म्हणाला, “कप्तान वादळे!”

पडद्यावरच्या कप्तानाचं बोलणं तोवर संपलं होतं. तो बाटलीने पाणी पीत होता. मांडवात कोणीतरी फिस्सकन हसलं.

“पाणी पितंय,” काका घाईघाईने म्हणाला. “कारण… फुडे खारा पाणी आसा.”

आता बरेच जण हसले. जे उठले होते ते उभेच राहिले, पण गेले नाहीत. काकाला संवाद आठवत नव्हते. त्याने स्वतःच लिहिलेले, पण सहा महिन्यांपूर्वी. कप्तानाचे ओठ हलायला लागले की तो सुचेल ते बोले, आणि ओठ थांबले तरी याचं चालूच राही. पहिला नकाशा उघडला गेला तेव्हा मी सवयीने मागच्या रांगेकडे पाहिलं. काकानेही तिकडेच पाहिलं. मग म्हणाला, “ह्यो नकाशो तुम्ही तिसऱ्यात बघितलास. तोच आसा.” लोक टाळ्या वाजवायला लागले.

आणि मग पडद्यावर खडकामागून विखारसेन आला. काळी शाल, कपाळावर उभं कुंकू. त्याचे ओठ हलले आणि काकाने माइक खाली केला. तो विखारसेनासाठी बोलेना. तात्यांकडे बघत नुसता उभा राहिला.

तात्या खुर्चीतून उठले होते.

मी दुसरा माइक घेऊन धावले. तात्यांनी तो ओठांना जवळजवळ चिकटवला, आणि पडद्याकडे पाठ फिरवून लोकांकडे तोंड केलं. चाळीस वर्षं ते दशावतारात राक्षस होते. राक्षस लोकांशी बोलतो.

“वादळ्या,” ते म्हणाले.

माइक तोंडाशी इतका जवळ धरला की त्यात खालचे सूर वाढतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण तोवर ऐकलं नव्हतं. तात्यांचा तो घासलेला, फाटलेला आवाज दोन्ही स्पीकरमधून जमिनीलगत आला, आणि मांडवातल्या लहान मुलांनी आयांचे पदर धरले. पूर्वीचा विखारसेन गडगडायचा. हा कुजबुजत होता. उभे असलेले सगळे खाली बसले.

“वादळ्या, तीनदा मारलंस माका. तीनदा! एकदा तरी शेजाऱ्यांन इचारलां, रे विखारसेना, लागला काय तुका?”

हशा उसळला. म्हापशाच्या व्याहीणबाई रुमालात तोंड घालून हसत होत्या.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आज कुठली कथा आणि कोण कोण, एवढं ठरतं. बाकीचं जागच्या जागी. त्यात एक रीत आहे. राजा आणि राक्षस आधी बोलतात, आणि एकाला उत्तर सुचेनासं होईपर्यंत बोलतात. त्यानंतरच तलवारी. तात्या त्याच रीतीने बोलत होते, आणि काका त्यांना जमेल तसं उत्तर देत होता.

“तुझो काळ संपलो, विखारसेना!”

“माझो काळ? तुझी होडी बघ. पुढल्या अंगान वर झाली हा. माघारी कोण बसलो तां सगळ्यांक दिसता.”

काकाने नकळत पोट आत ओढलं. पडद्यावर नव्हे, टेबलाशी.

मध्यंतरानंतर अडचण आली. चित्रपटात कप्तानाची बायको होती, चंद्रावळ. ते काम करणारी शेजारची प्राची पुण्याला नोकरीला लागली होती आणि जत्रेला आली नव्हती. चंद्रावळ किनाऱ्यावर उभी होती, तिच्या डोळ्यांत ग्लिसरीनचं पाणी होतं, ओठ थरथरत होते. मांडव वाट बघत होता. काकाने माझ्याकडे माइक केला. मी मान हलवून नकार दिला.

माइक काकीने घेतला. लाडवाचा डबा बाजूला ठेवून, पदराला हात पुसून.

“पयल्या भागात सांगलास,” चंद्रावळ म्हणाली, “येकच गलबत बघतंय नि घराक येतंय. आज चवथो भाग!”

बायकांच्या बाजूने जो आवाज उठला तो मी त्याआधी फक्त कबड्डीच्या फायनलला ऐकला होता.

“चंद्रावळे,” काका तिच्या माइकशी वाकून म्हणाला, “मी दर्यावर…”

“दर्यावर नाय, गच्चीर आसतास. क्यामेरो घेवन. सिलिंडर संपान दोन दिवस झाले. विखारसेनान तरी कधी बायलेक चुलीसमोर रडवल्यान?”

“नाय हां!” तात्या माइकमध्ये म्हणाले. “आमच्यात तसा नाय.”

पडद्यावर चंद्रावळीने कप्तानाच्या खांद्यावर डोकं टेकलं. “टेकतंय,” काकी म्हणाली, “पण उद्या सिलिंडर व्हयो.” काका इतका हसला की त्याला कप्तानाचं उत्तर देता आलं नाही. कप्तान बराच वेळ मुकाच बोलत राहिला आणि कोणाची काही तक्रार नव्हती. संकेत कुठे आहे म्हणून मी पाहिलं, तर तो बाकड्यावर उभा राहून शिट्टी मारत होता.

मग शेवटचा कडा आला. समुद्राच्या काठावरचा खरा कडा, त्यावर विखारसेन आणि कप्तान. कप्तान ढकलणार आणि विखारसेन पडणार. पडणारा विखारसेन म्हणजे गवत भरलेली काळी शाल होती. त्याचं चित्रीकरण मी स्वतः बघितलं होतं, त्यात काकाने कधी नव्हे ते घाई केली नव्हती. पण इकडे तात्या हरले नव्हते. ते अजून बोलत होते, आणि काकाला उत्तरं सुचत नव्हती.

पडद्यावर विखारसेनाचा तोल गेला. काका उडी मारून लॅपटॉपशी पोचला आणि चित्र थांबवलं. विखारसेन हवेत लोंबकळत राहिला, पाय वर, शाल पसरलेली.

“बघा,” तात्या लोकांना म्हणाले, “बोलण्यात हरवक नाय तर अधांतरी ठेवल्यान. ह्यो न्याय?”

“नाय!” मांडव ओरडला.

“मरू की नको?”

“नको!”

“विखारसेना,” काका म्हणाला, आता खरोखर घाम पुसत, “पाप केलंस त्याची शिक्षा…”

“पाप मी केलंय, खजिनो तू घेतलंस. चारय भागात. सांग, खंय आसा तो?”

खजिन्याचं पुढे काय झालं हा विचार चार भागांत कोणीच केला नव्हता, लेखकानेही नाही. रीतीप्रमाणे कप्तान हरला होता. आता चित्रपट पुढे कसा जाणार? चौथ्या भागाचा शेवटच उरला नव्हता. माणसं माना ताणून वाट बघत होती. लेकीच्या सासूबाई खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. तात्यांना खोकला आला. त्यांनी माइक लांब धरून तो आवरला आणि पुन्हा जवळ घेतला.

“विखारसेना,” काकी म्हणाली.

“काय गो चंद्रावळे?”

“डॉक्टरान तुका किती बोलूक सांगलेल्यान?”

तात्या थबकले. मागे त्यांची सून हसू लागली.

“खरा सांग,” काकी म्हणाली.

विखारसेनाने माइक छातीशी धरला. लोकांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, पडद्यावर अधांतरी लटकलेल्या स्वतःकडे पाहिलं.

“ह्येका माझ्याकडे उत्तर नाय,” ते म्हणाले. मग काकाकडे वळून त्यांनी राजासारखा हात हलवला. “सोड रे. पडतंय.”

काकाने बटण दाबलं. विखारसेन पडला. पडताना गवत बाहेर आलं आणि वाऱ्यावर उडालं, ते पाहून लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तात्या मात्र खाली बसले, व्याहीणबाईंनी पुढे केलेलं पाणी प्यायले आणि म्हणाले, “बरो मेलंय मां?”

संकेत टेबलाशी आला तेव्हा त्याचे हात मागे बांधलेले नव्हते. “काका, फुडल्या वर्साक पाचवो,” तो म्हणाला. “पण एक अट. आवाज घालू नकात.”

मला त्या रात्री नीट झोप आली नाही. आनंद होताच, पण एक टप्पा तपासायचा राहिला होता. सकाळी काका आंघोळीला गेला तेव्हा मी पडवीत लॅपटॉप उघडला. त्यात चित्रपटाची एकच फाइल होती. मी ती सुरू केली, आणि आवाजाची खूण पाहिली. तिच्यावर काट मारलेली होती. मी ती काढली.

समुद्र गरजला. कप्तान वादळे स्वच्छ आवाजात बोलू लागला. मी पुढे ढकलत विखारसेनापाशी आले. तो खडकामागून आला आणि हसला. भरदार, तरुण, घुमणारं हसू. तात्यांचं नव्हतं.

“कुडाळचो पोरगो,” दारातून काका म्हणाला. खांद्यावर टॉवेल, केसांतून पाणी गळत होतं. “गौरेश. दशावतारात नवीनच लागलो हा. तात्यांचो आवाज… ऐकलंस मां तू. साफ करून काय साफ होतलो? आणि तेंका सांगूचा कसा?”

“मग काल?”

“काल तो सदरो बघितलंय.” तो पायरीवर बसला. “घडये मोडूक नव्हते. व्याहीणबाईंक घेवन इलेले, माझो आवाज ऐका म्हणान. आणि मी तेंका गौरेशाचो आवाज ऐकवतलंय? हात आपसूक बटणार गेलो.”

“माणसं उठली असती तर? पाचवा भाग झाला नसता.”

“नसतो झालो.”

आम्ही थोडा वेळ चित्रपट पाहिला. सगळं ओठांशी जुळत होतं. संगीत होतं. तिसरा नकाशा उघडला गेला.

“खरा सांग, बाय,” काका म्हणाला. “कसो वाटता?”

मी न तपासलेलं बोलत नाही, आणि हे तर दोनदा तपासून झालं होतं. “कंटाळवाणा आहे.”

“आसा मां?” तो खुशीत म्हणाला. “तरी येक माणूस उठलो नाय!”

अंगणात चपला वाजल्या. मी लॅपटॉप बंद केला. तात्या आले, मफलर गुंडाळून, हातात सुनेने दिलेली काढ्याची बाटली. ते खुर्चीत बसले आणि आधी काकाकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

“फाइल गावली काय गो?”

“नाही, तात्यानू,” मी म्हटलं.

“बघितलंस नीट?”

“नीट बघितलं. आवाज नाहीच त्यात.”

“बरा झाला.” त्यांनी काढ्याचा घोट घेतला. “त्या गौरेशाक पाचव्यात काय तरी काम दी, दिगू. माझो पोरगो म्हणान उभो कर. हसता बरो तो.”

काका माझ्याकडे बघत होता, मी काकाकडे.

“मीच शिकवलेलंय तेका,” तात्या म्हणाले. “तुझा काम गावल्यार सरळ माझ्याकडे इलो. म्हणालो, तात्यानू, विखारसेन हसता कसो? आठ दिवस येत होतो. अजून त्याचा हसू थोडा गळ्यातसून येता, पोटातसून येवक व्हया.”

“म्हणजे काल तुम्ही म्हायत आसान आवाजाचा इचारलास?” काका म्हणाला. “मगे तो नवो सदरो?”

“मग? माझ्या शिष्याचो पयलो पिक्चर. जुनो घालून येव?”

काकी चहा घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि पदर तोंडावर धरला. काका डोकं पुसायच्या निमित्ताने टॉवेलाआड गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

तात्यांना या कशातच रस नव्हता. त्यांनी बाटली बाजूला ठेवली, खुर्ची मागे सरकवली आणि पडवीच्या मध्यभागी जागा करून घेतली.

“आता ऐक. पाचव्यात मी पाण्यातसून वर येतंय,” ते म्हणाले आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. “पण सरळ नाय हां.”